तालवाद्य: खालचा मजला

वरच्या मजल्यावर दोघं राहतात, ऊकू आणि मारेत.
भाऊ-बहीण की नवरा-बायको, मी विचारलं नाही.
तार्तूच्या या जुन्या लाकडी घरांत
भिंती सगळं सांगून टाकतात,
नेमकं तेवढंच सांगत नाहीत.

मी चाळीस वर्षं रेल्वेच्या वेळापत्रकाची मुद्रितं तपासली.
सहा सतराची गाडी सहा सत्त्याहत्तरला सुटू नये
म्हणून डोळे फोडले.
निवृत्तीनंतर मागणं एकच होतं, शांतता.
आणि रात्री अकरा वाजता
हे माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटणार.
वाक्प्रचार नाही हो. खरोखरच्या मिऱ्या,
पितळी चक्कीत,
चक्कीच्या पोटाशी माइक.

मग शिवणयंत्र.
मग गजानं घासलेली करवत,
कुणी बर्फात अनवाणी उभं राहून
नाक ओढत रडावं तशी.
मग न्हाणीचा टब रिकामा होताना
शेवटी जो ढेकर देतो, तो. एकोणीस वेळा.
एकोणिसाव्याला मारेत म्हणाली,
"छान. आता जरा खालच्या पट्टीत."
टबाला!

नोव्हेंबरात इथे साडेतीनलाच दिवे लागतात,
माणूस भिंतीशी बोलायला लागतो.
मी झाडू उलटा धरला, छताला ठोकलं.
तीनदा. दम खाल्ला. दोनदा.
वरचं सगळं चिडीचूप.
लढाई जिंकल्यासारखा घोरत झोपलो.
दुसऱ्या रात्री पुन्हा मिऱ्या. पुन्हा झाडू.
हे मार्चपर्यंत चाललं.
ते वाट बघायचे, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

मे महिन्यात दाराशी एक चौकोनी पाकीट.
तबकडी. वेष्टनावर
लोकरी टोपी घातलेला उकडलेला बटाटा.
आत तेरा गाणी, एकाला दुसऱ्याची ओळख नाही.
पोल्का नाचता नाचता अंगाईत कोसळतो,
अंगाईच्या मधोमध हवामानाचा अंदाज,
सातव्यात नुसतं जिन्यावरून उतरणं,
तेही अर्धंच. ना शेंडा, ना बुडखा.

मागे मुंगीएवढी अक्षरं.
सवयीनं चष्मा लावला.
चौथं गाणं. आवाज: मारेत. मिरचक्की: ऊकू.
तालवाद्य: प्रिट, खालचा मजला.

मी ऐकलं.
माझा राग होता तिथे, तीन, आणि मग दोन,
आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून
तिचा आवाज चालला होता,
पिऊन आलेल्या काकाला घरी न्यावं
तसा, सांभाळून, न ओरडता.
मी उगाच खिडकी लावली. पुन्हा उघडली.

चाळीस वर्षांत छापलेल्या कशावरही
माझं नाव नव्हतं.
तपासणाऱ्याचं छापत नाहीत,
गाडी चुकली तर विचारतात फक्त.
आणि आता छापलं ते प्रिट.
ऱ्हस्व!
आमच्या भाषेत स्वर पुरता लांबला नाही
तर भलताच माणूस दार उघडतो.

पेन्सिल कानाला लावून पहिल्यांदा वर गेलो.
"चूक आहे."
ऊकू पांढराफटक. "कुठल्या ठोक्यात?"
"ठोके बरोबर आहेत. नावात."

तीनशे प्रती टबात रचलेल्या,
कोरड्या राहाव्यात म्हणून खाली टॉवेल.
मारेतनं कॉफी दिली, कपात चमचा विसरून.
मी टबाच्या काठावर बसलो
आणि एकेक नाव दीर्घ करत गेलो.
कागद जाड, पेन्सिल कडक,
खर्र, थोडं थांबून, खर्र.

शंभराच्या पुढे कधीतरी लक्षात आलं,
दोघं बोलायचे थांबलेत.
मान वर केली नाही.
म्हटलं, तो माइक जरा डावीकडे घ्या,
अक्षरावर सावली पडते.